न काढलेल्या तिकिटाचे बक्षीस

'आपल्या भ्रमणध्वनी क्रमांकाला पंचवीस लाख रुपयांची लॉटरी लागली आहे,' या आशयाचा संदेश गेल्या काही वर्षांत देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचला आहे. हे संदेश क्रमांक पाहून पाठवले जातात, गाव पाहून नव्हे. त्यामुळे मुंबईतील सदनिकेत राहणारा निवृत्त अधिकारी आणि जबलपूर जिल्ह्यातील पनागरच्या बाजारात भाजीपाला विकणारा शेतकरी, दोघेही भामट्याच्या लेखी सारखेच असतात. संदेशासोबत बहुधा एक रंगीत प्रमाणपत्र जोडलेले असते. 'कौन बनेगा करोडपती' या कार्यक्रमाचे बोधचिन्ह, अमिताभ बच्चन यांचे छायाचित्र, अशोकस्तंभ, एखाद्या बँकेचा शिक्का आणि कोणा अधिकाऱ्याची झोकदार सही असा सारा ऐवज त्या एका कागदावर दाटीवाटीने बसवलेला असतो. खाली एक 'लॉटरी क्रमांक' आणि 'बँक व्यवस्थापका'चा दूरध्वनी क्रमांक असतो. कोणत्याही खऱ्या सरकारी कागदावर एवढी बोधचिन्हे एकत्र आढळत नाहीत, हे वास्तविक पहिल्याच नजरेत लक्षात यावयास हवे. परंतु प्रमाणपत्र पाहणाऱ्याची नजर त्या वेळी केवळ आकड्यावर खिळलेली असते.

या कार्यक्रमाच्या नावाने भ्रमणध्वनी क्रमांकांची सोडत काढली जाते, अशी कोणतीही योजना अस्तित्वात नाही. ३ जुलै २००० रोजी सुरू झालेला हा कार्यक्रम ज्ञानावर आधारित स्पर्धा आहे. त्यात भाग घ्यावयाचा तर स्वतः नावनोंदणी करावी लागते, प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात आणि निवडीच्या टप्प्यांतून जावे लागते. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथे शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे यांनी या कार्यक्रमात एक कोटी रुपये जिंकले, तेव्हा संपूर्ण महाराष्ट्राला त्याचे कौतुक वाटले. असे खरे विजेते असतात म्हणूनच खोटा संदेश खरा वाटतो. फरक एवढाच की ताडे यांनी त्या पैशासाठी देशासमोर बसून उत्तरे दिली होती. खोट्या संदेशातील 'विजेत्या'ने काहीच केलेले नसते, आणि नेमकी हीच गोष्ट त्याला भाग्याची खूण वाटते.

जुनी वाट, जुनी विद्या

पनागर हे जबलपूरपासून सुमारे पंधरा किलोमीटरवर, सिहोरामार्गे कटनीकडे जाणाऱ्या महामार्गावर वसलेले गाव. मिर्झापूरहून जबलपूरमार्गे नागपूरकडे जाणारा जुना रस्ता याच भागातून जात असे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली हा मुलूख १८१७ पर्यंत होता, आणि जबलपूर परिसरातील मराठी वस्तीची पाळेमुळे त्या काळापर्यंत पोहोचतात. पुढे इंग्रजी अमलात कॅप्टन विल्यम स्लीमन याने ठगांविरुद्ध जी मोहीम चालवली, तिचे मुख्य केंद्र जबलपूर हेच होते. ठगांविषयीच्या इंग्रजी वृत्तांतात अतिशयोक्ती किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत, आणि ते योग्यही आहेत. तथापि त्या वृत्तांतांत वर्णिलेली एक पद्धत येथे सांगण्याजोगी आहे. ठग प्रवाशावर एकदम तुटून पडत नसत. टोळीतील एखादा गोडबोल्या माणूस आधी पुढे जाऊन त्याच्याशी ओळख करून घेई. 'रस्ता धोक्याचा आहे, सोबतीने जाऊ,' असे सांगून तो प्रवाशाला आपल्या काफिल्यात ओढी. अशा माणसांसाठी ठगांच्या बोलीत 'सोथा' असा स्वतंत्र शब्द होता.

'ठग' हा शब्द संस्कृत 'स्थग' या शब्दावरून आला. त्याचा अर्थ लपवाछपवी करणारा, लबाड. मराठीत तो 'ठक' म्हणून रुळला. आजच्या लॉटरीतील ठकाच्या हाती रुमाल नाही, दूरध्वनी आहे, पण कामाचा क्रम तोच आहे. विश्वास आधी, लूट नंतर.

बक्षीस वाढते, मागणीही वाढते

या फसवणुकीचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. मोठी रक्कम मिळण्यापूर्वी लहान रक्कम भरा. मराठीत 'आवळा देऊन कोहळा काढणे' असे आपण म्हणतो. येथे तर आवळाही द्यावा लागत नाही. कोहळ्याचे चित्र दाखवूनच काम भागते.

दिल्ली पोलिसांच्या सायबर विभागाने या प्रकाराविषयी प्रसृत केलेल्या सूचनापत्रात त्याचे टप्पे नोंदवले आहेत, ते वाचण्यासारखे आहेत. संदेशातील क्रमांकावर संपर्क साधला की पहिली मागणी होते प्रक्रिया शुल्काची आणि वस्तू व सेवा कराची. ही रक्कम परत मिळणार आहे, असे आवर्जून सांगितले जाते. ती भरली की दुसरे कारण निघते, मग तिसरे. सर्व बोलणे व्हॉट्सअ‍ॅपवरच व्हावे, असा आग्रह असतो. हे आठवडे, कधी कधी महिने चालते. समोरची व्यक्ती कंटाळू लागली किंवा संशय घेऊ लागली, की तिला कळवले जाते की बक्षिसाची रक्कम आता पंचवीसवरून पंचेचाळीस लाख झाली आहे. पुढे ती पंचाहत्तर लाखांवर जाते. अखेरीस पैशासाठी फारच तगादा लागला, की सर्व क्रमांक बंद होतात. अनेक संदेश पाकिस्तानच्या '+९२' या संकेतांकाने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून आल्याचेही त्या सूचनापत्रात म्हटले होते. भारतीय क्रमांकांचा संकेतांक '+९१' आहे. दोहोंतील एका आकड्याचा फरक घाईत सहज निसटतो.

बक्षीस वाढवण्याची ही युक्ती विशेष लक्षात घ्यावी. खरे बक्षीस सोडतीच्या दिवशी ठरते आणि नंतर ते बदलत नाही. ज्या बक्षिसाची रक्कम विजेत्याच्या शंकेबरोबर वाढते, ते बक्षीस नसून गळाला लावलेले आमिष आहे.

मागण्यांची नावे मात्र ऐकण्यासारखी असतात. नोंदणी शुल्क, फाइल शुल्क, चलन रूपांतर शुल्क, 'ना हरकत' प्रमाणपत्र, विमा, रिझर्व्ह बँकेची मंजुरी, सीमाशुल्क, खाते उघडण्याचा खर्च. 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने' ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. फरक इतकाच की येथे प्रत्येक विघ्नाची किंमत 'वधूपक्षा'ने आगाऊ मोजावयाची असते. 'ही सर्व शुल्के बक्षिसातूनच कापून घ्या व उरलेली रक्कम मला द्या,' एवढे एक वाक्य उच्चारून पाहावे. त्यावर समोरून जे उत्तर येईल ते कितीही लांबलचक असले, तरी त्याचा अर्थ 'नाही' असाच असेल. कापून घेण्यासाठी त्यांच्याजवळ मुळात काहीच नसते.

अशा जाळ्यात सापडणाऱ्यांना लोभी अथवा अडाणी ठरवून आपण मोकळे होतो. ते न्याय्य नाही. जबलपूर जिल्हा हिरव्या वाटाण्यासाठी प्रसिद्ध आहे. हंगामात माल विकला गेला की शेतकऱ्याच्या खात्यात एकदम रक्कम जमा होते आणि तीच पुढचे वर्षभर पुरवावयाची असते. अशा घरी कर्जाचा हप्ता, मुलीचे लग्न, कोणाचे आजारपण यांपैकी काहीतरी दाराशी उभेच असते. पहिले आठ-दहा हजार बक्षिसाच्या आशेने जातात हे खरे. त्यानंतरचे पैसे मात्र आधी गेलेले वाचवण्यासाठी जातात. येथे थांबलो तर भरलेले सर्व बुडाले असे मान्य करावे लागते, आणि ते घरात कोणाला सांगितलेलेही नसते. भामट्याने पहिल्याच दिवशी बजावलेले असते की रक्कम खात्यात पडेपर्यंत कोणाजवळ बोलू नका, अन्यथा बक्षीस रद्द होईल. ही गुप्ततेची अट म्हणजे या कारस्थानाची कुंपणभिंत होय. घरातील एखादी सून, शेजारचा एखादा मास्तर, बँकेतील एखादा लिपिक यांच्या कानावर गोष्ट गेली, तर ती तेथेच संपेल हे भामट्याला ठाऊक असते.

खऱ्या सोडतीचे नियम

खोटी लॉटरी ओळखण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे खरी लॉटरी कशी चालते हे माहीत असणे. स्वतंत्र भारतात राज्य सरकारने स्वतः लॉटरी चालवण्याचा आरंभ १९६७ मध्ये केरळने केला. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ मध्ये सुरू झाली. खासगी व बनावट सोडतींना आणि मटक्यासारख्या जुगाराला आळा बसावा, हाही त्यामागे एक हेतू होता. जनतेची फसवणूक थांबवण्यासाठी निघालेल्या लॉटरीच्याच नावाने पुढे फसवणूक व्हावी, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल.

लॉटरी (विनियमन) अधिनियम, १९९८ या केंद्रीय कायद्याने राज्यांच्या लॉटऱ्यांना काही अटी घातल्या आहेत. तिकिटे राज्य सरकारने छापावयाची आणि त्यांवर राज्याची मुद्रा व बोधचिन्ह असावयाचे. विक्री सरकारने स्वतः अथवा वितरक व विक्रेत्यांमार्फत करावयाची. विक्रीचे पैसे राज्याच्या लोकलेख्यात जमा व्हावयाचे. सोडत राज्य सरकारनेच आणि राज्याच्या हद्दीतच काढावयाची. ठरावीक मुदतीत कोणी दावा न केलेले बक्षीस राज्याच्या मालकीचे होते. एका अंकावर बक्षीस ठेवण्यास मनाई आहे.

या अटींतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, तिकीट हा छापील दस्तऐवज असून बक्षीस त्या तिकिटाला लागते. दोन, बक्षिसाचा दावा विजेत्याने करावयाचा असतो. सरकार विजेत्याला शोधत फिरत नाही. निकाल प्रसिद्ध होतो आणि ज्याच्याजवळ तिकीट आहे त्याने ते घेऊन मुदतीत यावयाचे असते. केरळमध्ये पाच हजार रुपयांपर्यंतचे बक्षीस विक्रेत्याकडूनच मिळते आणि त्यावरील रकमेसाठी मूळ तिकीट बँकेत किंवा लॉटरी कार्यालयात सादर करावे लागते. दावा न झाल्याने बक्षिसे सरकारजमा होतात, याचा अर्थच असा की कोणीही दूरध्वनी करून 'आपले पैसे घेऊन जा' अशी विनवणी करीत नाही.

याला अलीकडे एक फाटा फुटला आहे. न काढलेल्या तिकिटाचे बक्षीस म्हटले की लोक सावध होतात, हे भामट्यांच्याही ध्यानात आले. म्हणून त्यांनी तिकीटच विकावयास सुरुवात केली. केरळ राज्याच्या लॉटरीची विक्री कागदी तिकिटांद्वारेच होते. तरीही तिच्या नावाने बनावट उपयोजने आणि संकेतस्थळे काढून समाजमाध्यमांवर जाहिराती देण्यात आल्या, आणि केरळ पोलिसांना २०२४ मध्ये त्यांविरुद्ध कारवाई करावी लागली. चाळीस रुपये पाठवले की तिकिटाचे चित्र येई. काही वेळाने पाच लाख रुपये लागल्याचे कळे. त्यानंतर कराची मागणी आणि पुढचा सारा नेहमीचा क्रम. ग्राहकाने खरोखरच 'तिकीट' घेतलेले असल्याने संशयाला जागा उरत नसे. अशा वेळी विचारावयाचा प्रश्न साधा आहे. छापील तिकीट आपल्या हातात आहे काय, आणि त्याचा क्रमांक राज्य सरकारने प्रसिद्ध केलेल्या निकालात आहे काय? दूरध्वनीच्या पडद्यावरील चित्र म्हणजे तिकीट नव्हे.

कर कोणी भरावयाचा?

ठकाचे सर्वांत परिणामकारक शस्त्र म्हणजे कराचे नाव. कर भरावाच लागतो, हे सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे ही मागणी न्याय्य वाटते. तेव्हा वस्तुस्थिती समजून घ्यावी.

लॉटरीच्या बक्षिसावर आयकर लागतो व त्याचा दर तीस टक्के आहे. त्यावर अधिभार व उपकर वेगळे. बक्षीस दहा हजार रुपयांहून अधिक असेल तर हा कर देणाराच आधी कापून घेतो आणि उरलेली रक्कम विजेत्याला देतो. कापलेला कर विजेत्याच्या पॅन क्रमांकावर शासनाकडे जमा होतो आणि त्याचे प्रमाणपत्र मिळते. म्हणजे रोख बक्षिसाच्या बाबतीत विजेत्याने आपल्या खिशातून आगाऊ कर भरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

वस्तू व सेवा कराची गोष्ट त्याहून सोपी आहे. हा कर लॉटरीच्या तिकिटावर असतो, बक्षिसावर नव्हे. १ मार्च २०२० पासून त्याचा दर २८ टक्के होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. परंतु तो तिकिटाच्या विक्रीच्या टप्प्यावरच वसूल होतो. 'आपल्या बक्षिसावरील जीएसटी भरा' असे म्हणणाऱ्या माणसाने त्या एका वाक्यातच आपली ओळख पटवून दिलेली असते.

एक अपवाद सांगणे मात्र आवश्यक आहे, कारण भामटे त्याचाच आधार घेतात. बक्षीस मोटारगाडीसारखे वस्तुरूप असेल, तर त्यातून कर कापून घेता येत नाही. अशा वेळी वस्तू देण्यापूर्वी तिच्यावरील कर भरला गेला आहे याची खात्री करून घेणे, हे देणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि तो कर काही वेळा विजेत्यालाही भरावा लागतो. टपालाने येणाऱ्या 'खरवडून पाहा' पत्रिकांमध्ये मोटारगाडी लागते ती याच कारणाने. दूरचित्रवाणीवरून अथवा संकेतस्थळावरून पूर्वी काही खरेदी केलेल्या ग्राहकांना त्या कंपन्यांच्या नावाने अशी पत्रे येतात. पत्रिका खरवडली की गाडी निघते, आणि गाडी नको असल्यास तिची किंमत रोख देऊ, असेही त्यात लिहिलेले असते. येथे पाहावयाचे एवढेच की कर कोणाच्या खात्यात भरावयास सांगितले आहे. आयकर शासनाच्या चलनाने भरला जातो; एखाद्या व्यक्तीच्या बचत खात्यात किंवा तिच्या यूपीआय क्रमांकावर भरला जात नाही. याला कोणताही अपवाद नाही.

सातासमुद्रापलीकडची लॉटरी

इ.स. २००० नंतरच्या दशकात सायबर कॅफेंतून ई-मेल पाहणाऱ्या पिढीला या प्रकाराचे वेगळे रूप आठवत असेल. ब्रिटनची लॉटरी, एखाद्या शीतपेयाच्या कंपनीची लॉटरी, संगणक कंपनीची लॉटरी अशी पत्रे तेव्हा येत आणि बक्षीस पौंडांत किंवा डॉलरमध्ये असे. 'आपला ई-मेल पत्ता संगणकाने निवडला' हे त्यांतील ठरलेले वाक्य. अशा आगाऊ शुल्काच्या फसवणुकीला नायजेरियाच्या दंडसंहितेतील कलमावरून जगभर '४१९' असे नाव पडले असले, तरी हा प्रकार त्या देशाचा शोध नव्हे. 'स्पेनमधील तुरुंगात एक श्रीमंत कैदी अडकला आहे, त्याच्या सुटकेसाठी थोडे पैसे पाठवा, तो तुम्हांला संपत्तीत वाटा देईल,' अशी पत्रे एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत फिरत होती. जमैका बेटावरून अमेरिकेतील वृद्धांना लॉटरीच्या नावाने लुबाडण्याचा धंदा इतका माजला, की २०१३ मध्ये तेथील सरकारला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

भारतीय नागरिकाच्या दृष्टीने परदेशी लॉटरीचा प्रश्न कायद्यानेच निकालात काढलेला आहे. परकीय चलन व्यवस्थापन (चालू खाते व्यवहार) नियम, २००० नुसार लॉटरीच्या तिकिटांसाठी परदेशी पैसे पाठवण्यास सरळ बंदी आहे. रिझर्व्ह बँकेने २६ मे २०१० रोजी बँकांना पाठवलेल्या परिपत्रकात याची पुन्हा आठवण करून दिली. प्रक्रिया शुल्क, कर मंजुरी शुल्क, रूपांतर शुल्क अशा नावांनी देशातील व्यक्तींच्या खात्यांत पैसे गोळा केले जातात, तरी अशी खाती उघडताना व चालवताना दक्षता बाळगा, असे त्यात बजावले होते. असे पैसे गोळा करून परदेशी पाठवणारी व्यक्ती कारवाईस पात्र ठरेल, हेही त्यात स्पष्ट होते. शिवाय रिझर्व्ह बँक व्यक्तींची खाती उघडत नाही आणि कोणाचे बक्षीस आपल्याजवळ ठेवूनही घेत नाही. गव्हर्नरांच्या सहीचे पत्र घरपोच आले, तर ते रिझर्व्ह बँकेकडून आलेले नाही, एवढे निश्चित समजावे.

क्रमांक जवळचा, माणूस दूरचा

दूरध्वनीच्या पडद्यावर '+९२' दिसले नाही म्हणजे बोलणारा देशातलाच असे नव्हे. फेब्रुवारी २०१७ मध्ये मध्य प्रदेशच्या दहशतवादविरोधी पथकाने भोपाळ, ग्वाल्हेर, जबलपूर आणि सतना येथून अकरा जणांना अटक केली. बेकायदा समांतर टेलिफोन एक्स्चेंज चालवल्याचा आरोप त्यांच्यावर होता. त्या प्रकरणाचे मुख्य स्वरूप हेरगिरीचे होते, लॉटरीचे नव्हे. परंतु त्यातून एक तांत्रिक गोष्ट सामान्य लोकांसमोर आली. 'सिम बॉक्स' नावाच्या यंत्रात अनेक सिमकार्डे एकाच वेळी बसवता येतात. परदेशातून इंटरनेटवरून आलेला कॉल हे यंत्र त्यांतील एखाद्या स्थानिक सिमकार्डावरून पुढे पाठवते. ऐकणाऱ्याला दिसतो तो साधा भारतीय क्रमांक.

आवाजाप्रमाणेच पैशाचाही माग पुसला जातो. बक्षिसाचे 'शुल्क' भामट्याच्या स्वतःच्या खात्यात कधीच जात नाही. ते जाते एखाद्या तिसऱ्याच माणसाच्या खात्यात. त्याने थोड्या कमिशनसाठी आपले खाते, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड वापरावयास दिलेले असते. तेथून काही मिनिटांत ती रक्कम पुढच्या चार-पाच खात्यांत विखुरते. कधी कधी फसलेल्या व्यक्तीलाच पुढे ओढले जाते. 'तुमचे गेलेले पैसे असे भरून निघतील, तुमच्या खात्यात काही रक्कम येईल, ती सांगू तेथे पाठवा,' असे तिला सांगण्यात येते. ज्याने हे केले तो त्या क्षणी तक्रारदाराचा आरोपी होतो. पोलिसांचा तपास खात्याच्या नावावरून चालतो. परराज्यातील पोलीस दारात येतात तेव्हा खातेदाराला आपण कोणासाठी काम करीत होतो हेही ठाऊक नसते. अशी भाडोत्री खाती शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने तयार केलेल्या 'म्यूलहंटर' या प्रणालीची घोषणा डिसेंबर २०२४ मध्ये झाली. आधार व पॅनच्या छायाप्रती 'पडताळणी'साठी पाठवणे याच कारणाने धोक्याचे आहे, कारण त्यांवर कोणाचे खाते वा सिमकार्ड निघेल, याचा नेम नसतो.

यूपीआयविषयी एक गोष्ट वृद्धांना घरी बसवून समजावून सांगावी. पैसे येण्यासाठी पिन लागत नाही. क्यूआर संकेत आपण स्कॅन करतो तो पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी नव्हे. बक्षीस 'स्वीकारण्यासाठी' पिन टाका असे कोणी म्हटले, तर पिन टाकताच पैसे जातील.

रक्कम गेल्यावर

पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा. पोलीस ठाण्यात जाण्यासाठी सकाळची वाट पाहू नये. ही यंत्रणा २०२१ मध्ये सुरू झाली. तेव्हा तिचा क्रमांक १५५२६० होता. तिचे कार्य असे चालते. तक्रारदाराने व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपल्या बँकेचे नाव सांगितले की ती माहिती संबंधित बँकेकडे जाते. पैसे त्या खात्यात शिल्लक असतील तर ते तेथेच रोखले जातात. पुढे गेले असतील तर सूचना पुढच्या बँकेकडे जाते, आणि असा पाठलाग चालू राहतो. पैसे रोख काढले गेले की पाठलाग संपतो. म्हणून येथे दिवसांना नव्हे, मिनिटांना महत्त्व आहे. हीच तक्रार २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावरही नोंदवता येते. केवळ संशयास्पद संदेश आला असेल, पैसे गेले नसतील, तर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावरील 'चक्षू' या सुविधेत तो कळवावा. ती मार्च २०२४ पासून उपलब्ध आहे.

संदेश, ध्वनिमुद्रणे, बनावट प्रमाणपत्र यांपैकी काहीही पुसून टाकू नये. लाजेपोटी अनेक जण प्रथम तेच करतात आणि पुरावा स्वतःच्या हाताने नष्ट करतात. गुन्हा कोठे घडला हा प्रश्नही तक्रारीच्या आड येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्दीचा विचार न करता कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती नोंदवता येते. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८, तोतयेगिरीसाठी कलम ३१९ आणि संगणकीय साधनांद्वारे केलेल्या तोतयेगिरीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ड लागू होते.

बँकेकडून भरपाईची अपेक्षा मात्र मर्यादित ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या संमतीवाचून झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत त्याला संरक्षण दिले. लॉटरीच्या प्रकारात ग्राहकाने पैसे स्वतःच पाठवलेले असतात, त्यामुळे हे संरक्षण बहुधा लागू होत नाही. आपल्या चुकीने पिन वा संकेतांक उघड झाला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे, असा त्या परिपत्रकाचा दंडक होता.

तक्रार केल्यानंतर काही दिवसांनी आणखी एक दूरध्वनी येण्याची शक्यता असते. बोलणारा स्वतःला सायबर पोलीस, वकील किंवा रिझर्व्ह बँकेचा अधिकारी म्हणवतो. तुमचे पैसे सापडले आहेत, थोडे न्यायालयीन शुल्क भरा, असे तो सांगतो. फसलेल्यांच्या याद्या भामट्यांमध्ये विकल्या जातात आणि एकदा फसलेला माणूस त्यांना अधिक मोलाचा वाटतो. खरोखर रोखली गेलेली रक्कम दूरध्वनीवरून परत मिळत नाही. ती सहसा न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने मिळते. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करावा लागतो; काही राज्यांत असे अर्ज लोकअदालतीतही निकाली काढण्यात आले आहेत. अर्जासोबत १९३० वर मिळालेला तक्रार क्रमांक आणि बँकेचा खातेउतारा लागतो, म्हणून तो क्रमांक दूरध्वनीत न ठेवता कागदावर लिहून ठेवावा.